आर्काइव्ह सारखं भरतंय? रीडो नेमका कुठून येतोय ते असं शोधा

ऑरेकल डेटाबेसमध्ये प्रत्येक बदलाची नोंद रीडो लॉगमध्ये होते, आणि भरलेल्या रीडो लॉगची प्रत आर्काइव्ह लॉग म्हणून साठते. ती जागा भरली की दिसणारं लक्षण ओळखीचं आहे. अ‍ॅप्लिकेशन अचानक गोठतं, नवीन लॉगिन करायला गेलं की ओआरए-००२५७ ही आर्काइव्ह अडकल्याची एरर येते, आणि अ‍ॅलर्ट लॉग उघडला की रिकव्हरी एरिया (आर्काइव्ह आणि बॅकअप ठेवायची डिस्कवरची जागा) १०० टक्के भरल्याची ओळ दिसते. डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) आर्काइव्ह लॉगचा बॅकअप घेतो, जुन्या फायली काढतो, काम पुन्हा सुरू होतं. पुढच्या आठवड्यात किंवा महिनाअखेरीला परत तेच. मग डिस्क वाढवून मागितली जाते. ती मिळतेही, पण त्यामुळे भरायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. इतका रीडो तयार का होतोय, हा प्रश्न तसाच राहतो, आणि तो सोडवल्याशिवाय फोन थांबत नाहीत.

या पोस्टमध्ये ऑरेकल डेटाबेसबद्दल लिहितोय. उगम शोधण्याचा क्रम मला सर्वात महत्त्वाचा वाटतो: आधी वेळ, मग टेबल किंवा इंडेक्स, मग एसक्यूएल, आणि सेशन (डेटाबेसशी असलेली एकेक जोडणी) शेवटी. बहुतेक ठिकाणी याच्या उलट केलं जातं. आत्ता सर्वात जास्त रीडो दाखवणारं सेशन पकडायचं आणि त्याच्या मालकाला फोन लावायचा. त्यात चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची शक्यता फार. का, ते पुढे येईलच.

डेटाबेस आत्ता अडकलेला असेल तर आधी तेवढं निस्तरा. ऑपरेटिंग सिस्टीमवर जाऊन आरएम कमांड मारून आर्काइव्ह फायली उडवू नका. डिस्कवर जागा झाली तरी कंट्रोल फाइलमधल्या (डेटाबेस स्वतःच्या फायलींचा हिशेब ठेवतो ती फाइल) नोंदी तशाच राहतात, त्यामुळे रिकव्हरी एरिया ऑरेकलच्या हिशेबी भरलेलाच राहतो. आरमॅनमधून (ऑरेकलचं बॅकअपचं साधन) आर्काइव्हचा बॅकअप घेऊन ‘डिलीट इनपुट’ने काढा. कोणी आधीच हाताने उडवल्या असतील तर क्रॉसचेक करून ‘डिलीट एक्स्पायर्ड’ चालवा. स्टँडबाय (रीडो पाठवून ताजी ठेवलेली डेटाबेसची दुसरी प्रत) असेल तर तिकडे अजून न पोहोचलेले लॉग उडवले जात नाहीत ना, हे पाहूनच पुढे जा, नाहीतर स्टँडबायमध्ये गॅप पडून दुसरंच काम मागे लागतं.

मोजायचं काय

‘तासाला किती लॉग स्विच झाले’, म्हणजे चालू लॉग फाइल सोडून डेटाबेस किती वेळा पुढच्या फाइलवर गेला, ही क्वेरी प्रत्येक डीबीएकडे असते. ती उपयोगी आहे, पण ती फक्त संख्या सांगते. स्विच होण्याची कारणं अनेक असतात. आर्काइव्ह_लॅग_टार्गेट लावलेलं असेल तर ठरावीक वेळाने स्विच होतोच, फाइल भरलेली असो वा नसो. आर्काइव्हचा बॅकअप सुरू होतानाही चालू लॉग स्विच होतो. लॉग फायलींचा आकार मध्येच कोणी वाढवला असेल तर स्विच कमी दिसतात आणि रीडो मात्र तेवढाच असतो. म्हणून संख्या सोडा, आकार मोजा.

व्ही$आर्काइव्ह्ड_लॉग या व्ह्यूमधून ब्लॉक्स गुणिले ब्लॉक_साइझ घ्या, फर्स्ट_टाइमप्रमाणे तासातासाचे गट करा, आणि डेस्ट_आयडी एकच ठेवा. हे शेवटचं बरेच जण विसरतात. स्टँडबाय असलेल्या डेटाबेसमध्ये एकाच लॉगच्या दोन नोंदी असतात, एक इथली आणि एक पाठवलेली, आणि बेरीज दुप्पट येते. रॅक (एकच डेटाबेस अनेक नोडवर) असेल तर थ्रेडनुसार, म्हणजे नोडनुसार, वेगळं करून बघा. बऱ्याचदा एकाच नोडवर भार दिसतो, आणि कुठली सर्व्हिस त्या नोडवर चालते ते कळलं की शोध निम्म्यावर येतो.

ही माहिती कंट्रोल फाइलमधून येते, आणि कंट्रोल_फाइल_रेकॉर्ड_कीप_टाइमची मूळ किंमत ७ दिवस आहे. त्यानंतर जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढू शकतात. महिनाअखेरीचा त्रास असेल तर मागच्या महिन्याशी तुलना करायला हाताशी काही उरत नाही. एक छोटं टेबल करून रोजचे तासागणिक आकडे त्यात साठवायला लागा, आजच लागा.

तासांचा तक्ता समोर आला की त्यातल्या चढउताराचा आकार बघा. रोज ठरावीक तासाला उंच टोक येत असेल तर शेड्यूल केलेला जॉब आहे. दिवसभर सपाट पण उंच असेल तर अ‍ॅप्लिकेशनचं नेहमीचं काम किंवा सतत फिरणारा एखादा पोलिंग जॉब. एका तारखेपासून सगळ्याच तासांत पायरी चढल्यासारखा आकडा वाढला असेल, तर त्या तारखेला काय रिलीज झालं किंवा कोणतं सेटिंग बदललं ते विचारा. या तिसऱ्या आकाराबाबत आधी एक गोष्ट तपासायची असते.

काम वाढलंय की नोंद जाड झालीय

रीडो दोन कारणांनी वाढतो. बदल जास्त व्हायला लागतात, किंवा बदल तेवढेच असून प्रत्येक बदलाची नोंद मोठी होते. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हे आधी वेगळं काढा. व्ही$सिसस्टॅटमध्ये ‘रीडो साइझ’ आणि ‘रीडो एंट्रीज’ हे दोन आकडे आहेत. ते इन्स्टन्स सुरू झाल्यापासूनचे असतात, म्हणून दोन वेळा घेऊन फरक काढा. एडब्ल्यूआर (कामगिरीचे आकडे वेळोवेळी साठवणारी ऑरेकलची सोय) वापरायचं लायसन्स असेल तर डीबीए_हिस्ट_सिसस्टॅटमधून जुने फरकही मिळतात. रीडो साइझला एंट्रीजने भागा. हा भागाकार पूर्वीपेक्षा बराच वाढलेला असेल, तर एसक्यूएल शोधत बसण्याआधी पुढच्या गोष्टी बघा.

पहिली गोष्ट हॉट बॅकअप, म्हणजे डेटाबेस चालू असताना घेतलेला बॅकअप. एखादी टेबलस्पेस (डेटा फायलींचा गट) बिगिन बॅकअपमध्ये टाकलेली असताना त्यातल्या ब्लॉकमध्ये पहिला बदल झाला की फक्त बदल नव्हे, तर अख्खा ब्लॉक रीडोमध्ये जातो. ८ केबीचा ब्लॉक असेल तर एका छोट्या अपडेटसाठी ८ केबी. जुन्या स्क्रिप्ट किंवा स्टोरेज स्नॅपशॉट घेणाऱ्या स्क्रिप्ट बिगिन करतात, मध्येच फेल होतात, आणि एंड बॅकअप कधी होतच नाही. व्ही$बॅकअपमध्ये स्टेटस ‘अ‍ॅक्टिव्ह’ असलेल्या फायली आहेत का बघा. एका ओळीची क्वेरी आहे, आणि ही स्थिती कित्येक दिवस कोणाच्या लक्षात न येता तशीच राहू शकते. आरमॅनला या मोडची गरजच नसते, तो ब्लॉकचं डोकं आणि शेपूट जुळतंय का ते स्वतः पाहतो आणि नसेल तर ब्लॉक परत वाचतो.

दुसरी गोष्ट सप्लिमेंटल लॉगिंग, म्हणजे न बदललेले कॉलमही रीडोमध्ये जादा नोंदवणं. गोल्डनगेट किंवा तसलं कोणतंही रेप्लिकेशन जोडताना कोणीतरी डेटाबेस पातळीवर ‘ऑल कॉलम्स’ चालू करून ठेवतं. मग दोनशे कॉलमच्या टेबलमध्ये एक कॉलम बदलला तरी बाकीच्या कॉलमांच्या जुन्या किमती रीडोमध्ये जातात. व्ही$डेटाबेसमधले सप्लिमेंटल_लॉग_डेटा ने सुरू होणारे कॉलम बघा, आणि टेबल पातळीसाठी डीबीए_लॉग_ग्रुप्स. प्रायमरी कीवर भागत असेल तर ऑल काढून टाकता येतं, पण रेप्लिकेशनवाल्यांशी बोलल्याशिवाय हात लावू नका.

तिसरी गोष्ट लॉब, म्हणजे मोठा मजकूर किंवा फायली ठेवणारे कॉलम. ‘रीडो साइझ फॉर डायरेक्ट राइट्स’ हा आकडा एकूण रीडोच्या मोठ्या हिश्शाएवढा असेल तर नोकॅश लॉगिंगवाले लॉब किंवा डायरेक्ट पाथ लोड (बफर कॅशला वळसा घालून थेट फायलींत लिहिणारे) यांच्याकडे बघा.

भागाकार जागचा हलला नसेल तर बदलच वाढलेत. आता टेबलकडे.

कोणतं सेगमेंट

सेगमेंट म्हणजे टेबल किंवा इंडेक्स साठवलेली जागा. एडब्ल्यूआर रिपोर्टमध्ये ‘सेगमेंट्स बाय डीबी ब्लॉक्स चेंजेस’ असा भाग असतो. ज्या तासात टोक आलं त्याच तासाचा रिपोर्ट काढा. २४ तासांचा काढला तर टोक सरासरीत बुडून जातं. क्वेरी लिहायची असेल तर डीबीए_हिस्ट_सेग_स्टॅटमधला डीबी_ब्लॉक_चेंजेस_डेल्टा घ्या आणि डीबीए_हिस्ट_सेग_स्टॅट_ओबीजेला जोडून नाव काढा. डायग्नोस्टिक्स पॅकचं लायसन्स नसेल तर या व्ह्यूंना हात लावायचा नाही. स्टॅट्सपॅक (एडब्ल्यूआरचा जुना, मोफत पर्याय) लेव्हल ७ वर ठेवला तर सेगमेंटचे आकडे तिथेही मिळतात. काहीच नसेल तर व्ही$सेगमेंट_स्टॅटिस्टिक्समधला ‘डीबी ब्लॉक चेंजेस’ टोकाच्या आधी आणि नंतर एका टेबलात टिपून वजाबाकी करा. लायसन्स न लागता काम होतं.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एडब्ल्यूआर प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये वरचीच काही सेगमेंट साठवतं, सगळी नाही. आणि ब्लॉक चेंज म्हणजे रीडोचे बाइट नव्हेत, तो अंदाज आहे. तरी पहिल्या क्रमांकावरचं सेगमेंट बाकीच्यांपेक्षा फार पुढे असेल तर गुन्हेगार बहुधा तोच.

वरती टेबलाऐवजी इंडेक्स दिसला तर दचकू नका, हे फार वेळा दिसतं. इंडेक्समध्ये असलेला कॉलम अपडेट झाला की इंडेक्सच्या एका जागची नोंद डिलीट आणि दुसऱ्या जागी इन्सर्ट होते. त्या दोन्हींचा रीडो, त्यांच्या अनडूचा (बदल मागे घेता यावा म्हणून ठेवलेल्या जुन्या किमतींचा) रीडो, पान भरलं असेल तर ब्लॉक स्प्लिटचा आणखी रीडो. अनडूचे ब्लॉक बदलतात त्याचाही रीडो होतो, हे नव्या लोकांना पटकन पटत नाही, पण क्रॅशनंतर रोलबॅक करायचा तर अनडूही परत उभा राहायला हवा.

सेगमेंटचं नाव हातात आलं की त्या तासात त्यावर इन्सर्ट, अपडेट, डिलीट, मर्ज करणारी एसक्यूएल डीबीए_हिस्ट_एसक्यूएलटेक्स्टमध्ये नावाने शोधा. डीबीए_हिस्ट_एसक्यूएलस्टॅटशी जोडून एक्झिक्यूशन्स (किती वेळा चाललं) आणि रोज_प्रोसेस्ड (किती ओळी हाताळल्या) बघा. सरळ सापडलं नाही तर ट्रिगर, मटेरिअलाइज्ड व्ह्यू लॉग किंवा सिननिमच्या आडचं नाव असू शकतं.

सेशन शेवटी का

व्ही$सेसस्टॅटमधला रीडो साइझ हा लॉगिन झाल्यापासूनची बेरीज असतो. कनेक्शन पूलमधलं सेशन कित्येक दिवस जिवंत असतं, ते रोज थोडं थोडं काम करत यादीत पहिलं येतं. ज्या बॅच जॉबने पहाटे आर्काइव्ह भरलं, त्याचं सेशन काम संपवून निघून गेलेलं असतं, सकाळी ते यादीत नसतंच. यादी खोटी नसते, प्रश्न चुकीच्या वेळी विचारलेला असतो. सेशनकडे बघायचंच असेल तर टोक चालू असताना बघा. दोन वेळा आकडे घ्या, फरक काढा, आणि त्या सेशनचे प्रोग्रॅम, मॉड्यूल, अ‍ॅक्शन टिपून ठेवा. चालू मोठा ट्रान्झॅक्शन असेल तर व्ही$ट्रान्झॅक्शनमधले यूज्ड_यूबीएलके आणि यूज्ड_यूरेक वाढताना दिसतात. यूज्ड_यूरेक लाखांत पळत असेल तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये मोठा अपडेट किंवा डिलीट चालू आहे.

तरीही उलगडत नसेल तर लॉगमायनर

लॉगमायनर म्हणजे लॉग फायली वाचून त्यातले बदल दाखवणारं ऑरेकलचं साधन. टोकाच्या वेळचा एक आर्काइव्ह लॉग घ्या. एकच पुरे, सगळे घेऊ नका. डीबीएमएस_लॉगएमएनआरच्या अ‍ॅड_लॉगफाइलने तो जोडा, ऑनलाइन कॅटलॉगमधून डिक्शनरी घ्यायचा पर्याय देऊन सुरू करा. व्ही$लॉगएमएनआर_कंटेंट्स हा व्ह्यू त्याच सेशनमध्ये दिसतो, आणि तुम्ही त्याला प्रत्येक क्वेरी मारली की तो फाइल पहिल्यापासून परत वाचतो. म्हणून लागणारे कॉलम एकदाच एका तात्पुरत्या टेबलात ओता आणि मग सावकाश गट पाडा: सेग_ओनर, सेग_नेम, ऑपरेशन आणि संख्या. मिनिमल सप्लिमेंटल लॉगिंग चालू नसेल तर युझरनेमसारखे काही कॉलम रिकामे येतील. कोणत्या टेबलावर काय चाललंय हे तरीही बहुधा कळतं.

एका ठिकाणचं उदाहरण देतो, कारण या जातीचा दोष मला पुन्हा पुन्हा दिसलाय. लॉगमायनरचे गट पाडल्यावर ग्राहकांच्या एका टेबलावरचे अपडेट इतर सगळ्यांच्या कितीतरी पुढे होते, आणि सोबत ‘इंटर्नल’ नोंदींचा ढीग, म्हणजे इंडेक्सची उलथापालथ. एसक्यूएल_रीडोच्या ओळी एकाखाली एक वाचल्या. प्रत्येक ओळीत एकच कॉलम बदलत होता, शेवटचं सिंक कधी झालं त्याची वेळ. रोआयडी वेगळा, वेळ तीच. पाच मिनिटं पुढच्या ओळी काढल्या तर तेच रोआयडी परत, वेळ पाच मिनिटांनी पुढे. बाहेरच्या प्रणालीशी जुळवणी करणारा जॉब दर पाच मिनिटांनी फिरत होता, आणि ग्राहकाच्या माहितीत काही बदललंय की नाही हे न पाहता टेबलातल्या प्रत्येक ओळीवर आत्ताची वेळ छापत होता. त्यावर कडी म्हणजे त्या कॉलमवर इंडेक्स होता, ‘शेवटचं सिंक न झालेले ग्राहक’ शोधणाऱ्या एका रिपोर्टसाठी.

आता हिशेब करा. जॉब तासाला १२ वेळा, दिवसाला २८८ वेळा फिरतो. टेबलात समजा १० लाख ओळी असतील तर दिवसाला २८ कोटी ८० लाख ओळींचे अपडेट, आणि प्रत्येकामागे इंडेक्समध्ये एक डिलीट आणि एक इन्सर्ट. यातला एकही ग्राहकाचा खरा बदल नाही. उपाय दोन ओळींचा असतो. अपडेटच्या वेअरमध्ये ‘काहीतरी खरंच बदललं असेल तरच’ ही अट घालायची, आणि जॉब शेवटचा कधी फिरला हे एका वेगळ्या, एका ओळीच्या टेबलात ठेवायचं. इंडेक्सची गरज मग बहुधा संपते. किंमत तीच राहिली तर रीडो होत नाही, असं काही डेव्हलपर मानतात. तसं नाही. ओळ लॉक होते, ब्लॉक बदलतो, रीडो होतोच.

नेहमीचे उगम

मटेरिअलाइज्ड व्ह्यूचा (क्वेरीचा साठवून ठेवलेला निकाल) कम्प्लीट रिफ्रेश हा माझ्या मते सर्वात दुर्लक्षित उगम आहे. डीबीएमएस_एमव्ह्यू.रिफ्रेशमध्ये अ‍ॅटॉमिक_रिफ्रेशची मूळ किंमत ट्रू आहे, आणि १०जी पासून याचा अर्थ एका व्ह्यूसाठीसुद्धा सगळ्या ओळी डिलीट आणि मग सगळ्या ओळी इन्सर्ट. डिलीटमध्ये अख्खी ओळ अनडूमध्ये जाते आणि अनडूबरोबर रीडोमध्येही. इंडेक्स असतील तर प्रत्येकाचं वेगळं. फॉल्स केलं की ट्रंकेट आणि डायरेक्ट इन्सर्ट होतो, पण रिफ्रेश चालू असताना वाचणाऱ्याला व्ह्यू रिकामा दिसतो. रात्रीच्या रिपोर्टिंग व्ह्यूला हे चालतं, दिवसा ग्राहक बघतात त्याला चालत नाही. त्यासाठी १२सी पासून आउट_ऑफ_प्लेस हा पर्याय आहे. आणि मुळात दर तासाला कम्प्लीट रिफ्रेश लागतो का, हा प्रश्न विचारा. लॉग टाकून फास्ट रिफ्रेश जमत असेल तर तोच करा.

जुना डेटा काढणारे पर्ज जॉब महिनाअखेरीला उड्या मारतात. लाखो ओळी डिलीट करण्यापेक्षा महिन्यानुसार पार्टिशन करून जुनं पार्टिशन ड्रॉप केलं तर रीडो नगण्य होतो. पार्टिशनिंग हा वेगळा लायसन्सचा विषय आहे. नसेल तर हव्या त्या थोड्या ओळी नव्या टेबलात घेऊन टेबल बदलणं हा मार्ग काही ठिकाणी जमतो.

ग्लोबल टेम्पररी टेबलला रीडो होत नाही असं म्हणतात, ते अर्धंच खरं. टेबलाच्या ब्लॉकचा होत नाही, पण त्याचा अनडू नेहमीच्या अनडू टेबलस्पेसमध्ये जातो आणि त्याचा रीडो होतो. १२सी पासून टेंप_अनडू_एनेबल्ड चालू केलं की तो अनडूही टेंपमध्ये जातो.

बाकीचे थोडक्यात. लूपमध्ये एकेक ओळ इन्सर्ट करून एकेक कमिट: फॉरऑल किंवा एकाच इन्सर्ट-सिलेक्टमध्ये आणा, एका ब्लॉकमधल्या अनेक ओळींचा बदल एकत्र नोंदला जातो आणि रीडो ठळकपणे कमी होतो. नोकॅश सिक्वेन्स: प्रत्येक नेक्स्टव्हॅलला सेक$ टेबल अपडेट होतं. ऑडिट जास्तच मोकळं ठेवलेलं असेल तर ऑड$ वरच्या यादीत येतं. मोठ्या लोडनंतरचा पहिला सिलेक्ट रीडो करताना दिसला तर ती लांबलेली ब्लॉक सफाई आहे, त्यामागे लागू नका.

नोलॉगिंगबद्दल मी स्पष्टच बोलतो, कारण मीटिंगमध्ये पहिली सूचना तीच येते. टेबल नोलॉगिंग केल्याने साध्या इन्सर्ट, अपडेट, डिलीटचा रीडो कमी होत नाही. तो फक्त डायरेक्ट पाथ कामांना लागू होतो. डेटाबेस फोर्स लॉगिंगमध्ये (नोलॉगिंग न मानता सगळं नोंदवणं) असेल, आणि डेटा गार्ड (स्टँडबाय सांभाळणारी सोय) असेल तर तो असायलाच हवा, तर तेही नाही. फोर्स लॉगिंग बंद करून नोलॉगिंग लोड केला तर स्टँडबायवर किंवा रिस्टोअरनंतर त्या ब्लॉकवर ओआरए-०१५७८ आणि ओआरए-२६०४० या ब्लॉक खराब असल्याच्या एरर येतात. परत लोड करता येईल असा स्टेजिंग डेटा असेल तर वापरा, लोड झाल्यावर लगेच बॅकअप घ्या. ग्राहकाच्या व्यवहारांच्या टेबलांना ही सवलत देऊ नका.

बदल प्रॉडवर नेण्याआधी

उपाय ठरला की प्रॉडवर (खऱ्या वापरातल्या डेटाबेसवर) नेण्याआधी टेस्टवर आकडा काढा. नवीन सेशन उघडा, व्ही$मायस्टॅटमधला रीडो साइझ टिपा, जुना कोड चालवा, परत टिपा. मग दुसरं सेशन उघडून नव्या कोडसाठी तेच. दोन फरक शेजारी ठेवले की डेव्हलपरशी वाद घालावा लागत नाही. प्रॉडवर गेल्यावर तुलना त्याच वाराच्या त्याच तासाशी करा, सोमवारची रविवारशी नको.

टेस्ट डेटाबेस आर्काइव्हलॉग मोडमध्ये आहे ना, हे आधी बघा. बऱ्याच ठिकाणी टेस्ट नोआर्काइव्हलॉगमध्ये असतो, आणि तिथे डायरेक्ट पाथ इन्सर्टच्या डेटाचा रीडो होतच नाही, टेबल लॉगिंगमध्ये असलं तरी. तिथे शून्याजवळ आलेला आकडा बघून बदल मंजूर केला, तर प्रॉडवर तोच इन्सर्ट पुरता रीडो लिहितो. टेस्टला आर्काइव्हलॉगमध्ये आणा, जमल्यास प्रॉडसारखं फोर्स लॉगिंगही लावा, आणि मग मोजा.